सोसायटीचे राज्य कोठवर?

घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे निघाले आणि वरसावे नाका मागे पडला, की थोड्याच वेळात चेणे लागते. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. पावसाळ्यात इथल्या नदीवर मुंबई-ठाण्याच्या मंडळींची झुंबड उडते. आमचे काका-काकू गिरगावच्या चाळीतल्या दोन खोल्या सोडून इकडे राहायला आले, ते या डोंगराच्या ओढीने. 'खिडकी उघडली की हिरवं दिसतं', हे वाक्य काका येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवीत. गेल्या वर्षी काका गेले. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता, नॉमिनी म्हणून काकूंचे नाव होते. दिवसकार्य आटोपले, दोन-तीन महिने गेले आणि काकूंनी शेअर सर्टिफिकेट आपल्या नावावर करून द्यावे, असा अर्ज सोसायटीकडे दिला. मुलगा आणि मुलगी, दोघांचीही काही हरकत नव्हती.

आठ दिवसांनी उत्तर आले. सोसायटीच्या लेटरहेडवर, सही मात्र मॅनेजरची. हस्तांतरणापोटी सोसायटीच्या विकास निधीला पन्नास हजार रुपये 'स्वेच्छा देणगी' म्हणून पंधरा दिवसांत भरावेत. रक्कम न भरल्यास आपल्या सदनिकेचा पाणीपुरवठा बंद करण्याबाबत विचार करण्यात येईल.

काकूंनी मला फोन केला. आवाजात राग होता, पण त्याहून अधिक नवल होते. "अरे, स्वेच्छा माझी ना? मग रक्कम त्यांनी कशी ठरवली?"

एवढ्या एका प्रश्नात काकूंनी साऱ्या सहकार कायद्याच्या मर्मावर बोट ठेवले होते. सोसायटीत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची अशी समजूत असते की, कमिटीने ठरवले म्हणजे संपले. गेटवर नोटीस लागली, की तो कायदा. कुणी कुरकुरलेच तर 'जनरल बॉडीत ठराव झालाय' हा रामबाण असतोच. पण खुद्द जनरल बॉडीला तरी किती अधिकार आहेत? कमिटीला किती? आणि पगारावर नेमलेल्या मॅनेजरला किती?

शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसाठी

आधी सोसायटी म्हणजे काय ते पाहू. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली. कल्पना साधी होती. एकट्याला घर परवडत नाही, तर दहाजणांनी मिळून बांधावे. मालक नको, भाडेकरू नको, सगळेच भागीदार. आज राज्यातल्या गृहनिर्माण संस्था चालतात त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० या कायद्याखाली. शेतकऱ्यांच्या पतपेढीला आणि साखर कारखान्याला लागू होणारा हा कायदा घरांच्या सोसायट्यांना कसाबसा लावला जात होता. अखेर २०१९ साली त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले.

सोसायटी आपल्या घराची मालक आणि आपण तिचे भाडेकरू, हा गैरसमज मात्र अजून गेलेला नाही. सोसायटीतल्या सभासदाचा फ्लॅटवरचा हक्क ही त्याची मालमत्ता आहे, ती विकता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच मुंबईतल्या एका प्रकरणात सांगितले. सोसायटीकडे जे अधिकार आहेत ते उसने आहेत. काही कायद्याने दिलेले, काही सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधींनी, म्हणजे रोजच्या भाषेत बायलॉजनी दिलेले. उसन्या वस्तूला मर्यादा असतेच. कायद्याच्या विरुद्ध उपविधी चालत नाही, उपविधीच्या विरुद्ध जनरल बॉडीचा ठराव चालत नाही आणि जनरल बॉडीच्या विरुद्ध कमिटीचा निर्णय चालत नाही. मॅनेजर या उतरंडीत सगळ्यांत खाली.

देणगीचे गौडबंगाल

काकूंच्या पन्नास हजारांचे आता बघू. हस्तांतरणाच्या नावाखाली सोसायट्या वाटेल तेवढी रक्कम उकळतात, अशा तक्रारी वाढल्यावर राज्याच्या सहकार खात्याने ९ ऑगस्ट २००१ रोजी परिपत्रक काढून हस्तांतरण अधिमूल्यावर, म्हणजे आपण ज्याला प्रीमियम म्हणतो त्यावर, कमाल मर्यादा घातली. महापालिका क्षेत्रात २५ हजार रुपये, 'अ' वर्ग नगरपालिकेत २० हजार, 'ब' वर्गात १५ हजार, 'क' वर्गात १० हजार आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत ५ हजार. गंमत अशी की, हे परिपत्रक निघाले तेव्हा मीरा-भाईंदरला नगरपरिषद होती. २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिका झाली आणि सहा-सात महिन्यांतच इथल्या सोसायट्यांना महापालिकेची मर्यादा लागू झाली. इमारती त्याच, माणसे तीच.

ही झाली कमाल मर्यादा. तिच्या आत किती घ्यायचे ते जनरल बॉडीने ठरवायचे. याशिवाय हस्तांतरण फी म्हणून पाचशे रुपये. देणगी, विकास निधी, रंगकाम निधी अशा दुसऱ्या कुठल्याही नावाखाली जादा रक्कम मागता येत नाही, असे आदर्श उपविधींत स्पष्ट लिहिले आहे. नाव बदलून वसूल केलेली रक्कमही बेकायदाच, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली एका सोसायटीच्या प्रकरणात पुन्हा बजावले.

पण काकूंच्या बाबतीत ही २५ हजारांची गोष्टही लागू नव्हती. कुटुंबातल्या कुटुंबात नाव बदलताना प्रीमियम घेताच येत नाही. नवऱ्यामागे बायकोचे नाव लागते आहे. यात विक्री कुठली आणि नफा कुठला? २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला आधी तात्पुरता सभासद करून घेतात. मृत्युपत्र किंवा वारसाहक्काची कागदपत्रे पूर्ण झाली, की वारसाचे नाव कायम होते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे ध्यानात ठेवायला हवे. पण म्हणून विधवा बाईला दाराबाहेर तिष्ठत ठेवण्याचा अधिकार सोसायटीला मिळत नाही.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. फ्लॅट विकताना सोसायटीचा ना-हरकत दाखला हवाच, असे आपण धरून चालतो. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी असा दाखला बंधनकारक नाही. बँक कर्ज देताना तो मागते, ही गोष्ट निराळी. पण 'एनओसी देत नाही, काय करायचं ते करा' या धमकीतली बरीचशी हवा इथेच निघून जाते.

भाडेकरू आणि मोटारी

काकूंच्या शेजारचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. मालक दुबईला. त्यांच्याकडून सोसायटी दरमहा मेन्टेनन्सच्या जवळजवळ दुप्पट रक्कम घेत होती. तुम्ही राहत नाही, भाडे खाता, तर सोसायटीलाही वाटा द्या, असा हिशेब. याला बिनभोगवटा शुल्क म्हणतात. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्यावर मर्यादा आली. सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि त्या सेवा शुल्कात पालिकेचे कर धरायचे नाहीत. मुंबईतल्या मॉन्ट ब्लांक सोसायटीने या आदेशाला आव्हान दिले. उच्च न्यायालयाने २००७ साली आदेश वैध ठरवला. सोसायटी नफा कमावणारी संस्था नाही. सभासदाला भाडे किती मिळते, हा तिच्या कमाईचा विषय होऊ शकत नाही.

भाडेकरू ठेवण्यासाठी परवानगीचेही असेच. २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आधी लेखी कळवायचे, कराराची प्रत द्यायची आणि पोलिसांना माहिती द्यायची, एवढेच कर्तव्य. 'आमच्याकडे लग्न न झालेल्यांना जागा देत नाही' अशी पाटी लावण्याचा अधिकार कुठल्या कलमात आहे, असे सेक्रेटरीसाहेबांना एकदा नम्रपणे विचारून पाहावे.

आणि मोटारी! सोसायटीतल्या दहा भांडणांपैकी सहा पार्किंगवरून होतात, असे म्हटले तर कुणी वाद घालणार नाही. या विषयावरचा देशभर गाजलेला निकाल आपल्या अगदी शेजारचा आहे. मीरा-भाईंदरची हद्द ओलांडली की दहिसर. तिथल्या आनंदनगरमधल्या पांचाली सोसायटीच्या इमारतींखाली खांबांमध्ये २५ गाड्यांची जागा होती. बिल्डरचे म्हणणे, ही जागा माझी, मी ती कुणालाही विकेन. सोसायटी दिवाणी न्यायालयापासून लढत गेली आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. इमारतीखालची स्टिल्टची जागा किंवा मोकळी जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती सामायिक आहे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही.

या निकालाचा अर्थ पुष्कळ कमिट्या सोयीने लावतात. बिल्डरची मालकी गेली म्हणजे कमिटीची आली, असे नव्हे. जागा सगळ्यांची आहे. तिचे वाटप जनरल बॉडीने ठरवलेल्या नियमाने व्हायचे, गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकून व्हायचे. खजिनदारांची दुसरी गाडी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याची पहिली गाडी यांत कुणाची आधी, हे ठरवायला कायद्याची फारशी गरजही पडू नये.

पाणी तोडता येते का?

काकूंच्या पत्रातली सगळ्यांत वाईट ओळ पाण्याची होती. मीरा-भाईंदरमध्ये पाण्याची किंमत नव्याने सांगायला नको. टँकरची वाट पाहण्यात इथल्या कित्येक बायकांच्या सकाळी गेल्या आहेत. त्यामुळे पाणी तोडण्याची धमकी इथे जेवढी बोचते, तेवढी दुसरी कुठली बोचणार नाही.

थकबाकीदाराकडून पैसे वसूल करायला कायद्याने सोसायटीला चांगला रस्ता दिलेला आहे. पूर्वी कलम १०१ होते, २०१९ पासून गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४ ब-२९ आहे. सोसायटीने उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, दोन्ही बाजू ऐकल्या जातात, रक्कम खरी निघाली तर वसुली दाखला मिळतो आणि मग जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते, जप्तीपर्यंतही जाते. हा रस्ता असताना नळाची चावी फिरवणे, लिफ्टमध्ये मजल्याचे बटण बंद करणे, मोलकरणीला गेटवर अडवणे, थकबाकीदाराच्या पाहुण्यांना वॉचमनकरवी परत पाठवणे, हे प्रकार म्हणजे स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच बेलिफ होणे आहे. पिण्याचे पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने तर २०१४ साली अनधिकृत झोपड्यांत राहणाऱ्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, असे सांगितले. मग नियमाने कर भरणाऱ्या सभासदाचे पाणी कमिटी कोणत्या तोंडाने तोडणार?

वसुलीची घाई कुठवर जाऊ शकते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. तिथे घरमालकांच्या संघटना आपल्या सोसायट्यांसारख्याच असतात. गवत किती उंच वाढू द्यायचे इथपासून त्यांचे नियम. टेक्सासमधल्या फ्रिस्को गावात २००८ साली इराकमध्ये तैनात असलेल्या एका सैनिकाचे घर अशा संघटनेने सुमारे ८०० डॉलरच्या थकबाकीपोटी लिलावात काढले. घर लाखोंचे, बाकी शेकड्यांची. पुढे ते घर त्या कुटुंबाला परत मिळाले, आणि २०११ साली टेक्सासच्या विधिमंडळाने न्यायालयाच्या आदेशाशिवाय संघटनांना असा लिलाव करता येणार नाही, असा कायदा केला. आपल्याकडे निबंधकाचा टप्पा मध्ये असतो तो कशासाठी, हे यावरून समजते.

मॅनेजर म्हणजे कोण?

पूर्वी सोसायटीत मॅनेजर नसे. सेक्रेटरी ऑफिसातून यायचे, चहा घ्यायचे आणि जिन्यातला दिवा बदलायचे. आता घोडबंदर रस्त्यावरची संकुले मोठी झाली. पोहण्याचा तलाव, जिम, सांडपाण्याचे यंत्र, डझनभर लिफ्ट. हे सांभाळायला व्यवस्थापन कंपन्या आल्या. काम पाहणारा माणूस हवाच, त्यात वावगे काही नाही. वावगे तेव्हा होते, जेव्हा हिशेब ठेवायला नेमलेला माणूस हुकूम सोडू लागतो.

सभासदत्व देणे, दंड ठरवणे, पार्किंग वाटणे हे मॅनेजरचे काम नव्हे. दंडाची रक्कम जनरल बॉडीने ठरवावी लागते आणि संबंधित सभासदाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. सभासदाला काढून टाकायचे तर सभेला हजर असलेल्या आणि मत देणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश सभासद बाजूने हवेत, वर निबंधकांची मान्यता हवी. मॅनेजरने सही केलेल्या पत्रामागे कमिटीचा ठराव नसेल, तर ते पत्र म्हणजे रद्दी. नव्या इमारतींत तर बिल्डरचीच कंपनी व्यवस्थापन पाहते आणि सोसायटी नोंदवायचे नाव कुणी काढत नाही. रेरा कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे ५१ टक्के घरांची नोंदणी झाली, की तीन महिन्यांत सोसायटी स्थापन करण्याची पावले बिल्डरने उचलली पाहिजेत. सोसायटीच नसेल तर हिशेब विचारायचा कुणाला?

दुसरी बाजू

इथवर वाचून एखादे सेक्रेटरी वैतागले असतील. 'आम्ही फुकट राबतो, रात्री अकराला गळतीची तक्रार ऐकतो आणि वर तुम्ही आम्हालाच कायदा शिकवता?' त्यांचे म्हणणे खोटे नाही. आपल्याकडच्या बहुतेक सोसायट्या दोन-चार प्रामाणिक माणसांच्या जिवावर चालतात. बाकीचे सभासद सभेला येत नाहीत, हिशेब वाचत नाहीत आणि बिल मात्र वेळेवर भरत नाहीत.

मर्यादा सभासदालाही आहेत. 'लिफ्ट वापरत नाही, मी तळमजल्यावर राहतो' म्हणून लिफ्टचा खर्च नाकारता येत नाही. सेवा शुल्क सर्व फ्लॅटना सारखेच, मग घर एका खोलीचे असो वा तीन खोल्यांचे. तक्रार आहे म्हणून बिल थांबवणे हा तर हमखास अंगाशी येणारा मार्ग. २०१४ च्या आदर्श उपविधींनी थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज घेण्याची मुभा दिली. शिवाय थकबाकीदाराच्या तोंडी न्यायाची भाषा शोभत नाही. आधी भरावे, सोबत 'हक्क राखून भरत आहे' असे लिहावे आणि मग भांडावे.

हे मी काकूंना सांगितले तेव्हा त्या जरा गप्प झाल्या. रागाच्या भरात त्यांनीही दोन महिन्यांचा मेन्टेनन्स अडवून धरला होता. "त्यांनी चूक केली म्हणून मीही करायची, असंच झालं की हे," म्हणाल्या आणि त्याच संध्याकाळी चेक लिहून दिला.

भांडायचे तर रीत अशी. पहिला अर्ज सेक्रेटरीकडे, लेखी, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. तोंडी तक्रारीला सोसायटीत स्मरणशक्ती नसते. उपविधींची, हिशेबाची, सभेच्या इतिवृत्ताची प्रत शुल्क भरून मागण्याचा सभासदाला अधिकार आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हायला हवी; तिथे विषय मांडावा. मधल्या काळात काही तातडीचे असेल, तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यावर कमिटीला महिन्याच्या आत विशेष सभा घ्यावी लागते. तरीही भागले नाही तर कारभाराच्या तक्रारीसाठी उपनिबंधक, आणि सभासद व सोसायटी यांच्यातल्या वादासाठी कलम ९१ खाली सहकार न्यायालय. कुठली तक्रार कुणाकडे न्यायची, याची यादीच आदर्श उपविधींच्या शेवटी दिलेली आहे. ती वाचली तर निम्मे हेलपाटे वाचतात.

काकूंना मात्र उपनिबंधकांपर्यंत जावे लागले नाही. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात एक पानी पत्र लिहिले. २००१ च्या परिपत्रकाचा उल्लेख, उपविधीचे कलम आणि शेवटी एक ओळ: 'स्वेच्छेने देणगी न देण्याचे मी स्वेच्छेने ठरवले आहे.' पुढच्या रविवारी वार्षिक सभा होती. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरींनी पत्र वाचले, खजिनदारांकडे पाहिले, खजिनदारांनी मॅनेजरकडे पाहिले. "वहिनी, ते मॅनेजरच्या हातून चुकून गेलं. पूर्वीचा मसुदा होता," असे म्हणून विषय संपला. तो पूर्वीचा मसुदा पूर्वी किती जणांना गेला होता, हे कुणी विचारले नाही. पण मागच्या रांगेतले दोघेजण आपापली जुनी पावती शोधायला त्याच रात्री घरी कपाट उघडणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

काका असताना काकू कधी सभेला बसल्या नव्हत्या. त्या दिवशी शेवटपर्यंत बसल्या. कमिटीवर महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. त्यांतली एक अनेक वर्षे रिकामीच होती. सेक्रेटरी बहुधा वातावरण निवळावे म्हणून म्हणाले, "वहिनी, तुम्हीच का येत नाही कमिटीवर?"

काकूंनी चष्मा पुसला. "येईन की. आधी मे महिन्यातली टँकरची बिलं दाखवा."